सरखेल कान्होजी आंगरे : चाकरीतून सरंजामाकडे

कान्होजी आंगरे यांचे चरित्र मराठी वाचकाला बहुधा दोन रूपांत भेटते. इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदपत्रांत ते समुद्रावरील लुटारू आहेत; या शिक्क्याला उत्तर म्हणून लिहिल्या गेलेल्या मराठी चरित्रांत ते अजिंक्य दर्यावीर आहेत. हे उत्तर देणे आवश्यक होते, यात शंका नाही. तथापि दोन्ही प्रतिमांना दिसते ती फक्त लढाई. लढाई आटोपून गलबते बंदराला लागली म्हणजे खलाशांच्या पोटाला भात कोठून येत होता, तोफांच्या दारूगोळ्याचा खर्च कोणत्या गावांच्या वसुलातून भागत होता आणि हा वसूल करण्याचा अधिकार एका माणसाच्या हाती कोणत्या नात्याने आला, हे प्रश्न दोन्हीकडे गौण ठरतात. प्रस्तुत लेखात कान्होजींचे चरित्र या प्रश्नांच्या अंगाने पाहावयाचे आहे. मराठी राज्याच्या चाकरीतील एक आरमारी अधिकारी वंशपरंपरागत सरंजामदार कसा झाला, ही या चरित्रातील मध्यवर्ती घटना आहे. इंग्रजांशी झालेल्या लढाया तिच्या ओघात येतात.

आंगरे घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी या गावावरून आंगरे हे नाव रूढ झाले. म्हणजे पुढे सबंध कोकण किनाऱ्याचे धनी ठरलेले हे घराणे मूळचे घाटावरचे होते, हे ध्यानात ठेवावयास हवे. कान्होजींचे वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते आणि त्या निमित्ताने त्यांचा सुवर्णदुर्गाशी संबंध आला. कान्होजींचा जन्म सामान्यतः १६६९ मध्ये झाल्याचे मानतात. त्यांचे बालपण हर्णैच्या परिसरात, कोळी, भंडारी आणि खारवी यांच्या वस्त्यांच्या सान्निध्यात गेले असावे. घाटावरच्या मराठा शिपायाचा मुलगा दर्यावर्दी झाला तो या शेजारामुळे, असे मानण्यास हरकत नाही.

तुकोजींच्या पिढीतील आरमाराचे स्वरूप येथे थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे. शिवाजी महाराजांच्या आरमाराचे पहिले नामांकित अधिकारी म्हणजे दर्यासारंग, मायनाक भंडारी आणि दौलतखान. १६७९ मध्ये खांदेरी बेटावरून इंग्रजांशी आणि सिद्दीशी जो झगडा झाला त्यात मायनाक भंडारी आणि दौलतखान यांनी केलेली कामगिरी सर्वश्रुत आहे. या तिघांपैकी कोणाचेही सत्ताधारी घराणे मागे राहिले नाही. त्यांच्या नावाने किनाऱ्याचा कोणताही मुलूख ओळखला गेला नाही. याचे कारण त्यांच्या पराक्रमात शोधण्याचे कारण नाही. ते राज्याच्या रचनेत आहे. कृष्णाजी अनंत सभासद याने १६९७ मध्ये जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत महाराजांच्या कारभाराचे जे वर्णन केले आहे, त्यावरून सैनिकाला व अधिकाऱ्याला मुलूख तोडून न देता रोख वेतन किंवा वरात देण्याकडे त्यांचा कल होता, हे स्पष्ट दिसते. ज्याच्या हाती किल्ला त्याच्या हाती वसूल नाही, आणि ज्याच्या हाती वसूल त्याच्या हाती किल्ला नाही, अशी ही मांडणी होती. तीत मोठा अधिकारी निर्माण होऊ शकत होता. उमराव निर्माण होणे कठीण होते. सभासदाने हे वर्णन नेमक्या ज्या वर्षांत केले त्या वर्षांत ही मांडणी मोडत होती, ही गोष्ट त्या बखरीच्या वाचनात सहसा लक्षात घेतली जात नाही.

कान्होजींचा उदय या मोडतोडीत आहे. १६८८ च्या सुमारास सिद्दीने सुवर्णदुर्गाला वेढा घातला असता किल्लेदार अचलोजी मोहिते फितूर होऊन किल्ला शत्रूच्या स्वाधीन करण्याच्या बेतात होता, असे सांगितले जाते. कान्होजींनी त्याला कैद करून किल्ल्याची सूत्रे स्वतःच्या हाती घेतली आणि वेढा उठेपर्यंत तो झुंजविला. त्या वेळी त्यांचे वय विशीच्या आसपास होते. या प्रसंगाकडे शौर्याची कथा म्हणून पाहणे स्वाभाविक आहे; परंतु त्यात एक अधिकाराचा प्रश्नही दडलेला आहे. किल्लेदाराची नेमणूक राजाची असते. ती रद्द करण्याचा अधिकार कान्होजींना कोणी दिलेला नव्हता. तो त्यांनी स्वतःकडे घेतला आणि पुढे राज्याने त्याला मान्यता दिली. आधी ताबा आणि मग सनद, हा क्रम त्यांच्या आयुष्यात पुढेही टिकलेला दिसतो.

१६८९ मध्ये संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड पडला आणि राजाराम महाराज जिंजीला गेले. रामचंद्रपंत अमात्य स्वदेशातील कारभार सांभाळत होते. परंतु किनाऱ्यावरील एखाद्या किल्ल्याच्या शिबंदीला पगार पोहोचविण्याइतका खजिना कोणाजवळही नव्हता. अशा वेळी जो किल्ला लढला तो आसपासच्या मुलखातून पोट भरून लढला. देशावर याच काळात सरदारांना मुलूख लावून देण्याचे मान्य करावे लागले आणि वतनांच्या सनदा मुबलक दिल्या गेल्या, हे सर्वज्ञात आहे. समुद्रावर हीच गोष्ट अधिक निमूटपणे घडली. आरमाराचे प्रमुख सिधोजी गुजर १६९८ च्या सुमारास वारले आणि त्यांच्या जागी कान्होजी आले. सरखेल या किताबाचा मूळ फारसी अर्थ जमावाचा किंवा पथकाचा मुख्य एवढाच आहे. मराठीत मात्र आंगऱ्यांमुळे त्याला आरमारप्रमुख असा अर्थ चिकटला. एका घराण्याने शब्दाचा अर्थ बदलावा, ही त्या घराण्याच्या सामर्थ्याची लहानशी साक्षच म्हणावी लागेल.

त्यानंतरच्या दहाएक वर्षांत किनाऱ्यावरील एकेक ठाणे कान्होजींच्या ताब्यात येत गेले आणि कुलाबा हे त्यांचे मुख्य ठिकाण झाले. राजाराम महाराजांच्या मृत्यूनंतर ते ताराबाईंच्या पक्षात राहिले. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, तेव्हा कान्होजींच्या दृष्टीने प्रश्न केवळ गादीच्या खऱ्या वारसाचा नव्हता. दोन गाद्या उभ्या राहिल्या म्हणजे चाकराला धनी निवडता येतो. आणि ज्या चाकराला धनी निवडता येतो, तो नुसता चाकर राहत नाही. १७१३ मध्ये शाहूंनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर पाठविले. कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केले आणि लोहगड घेतला. सातारा धोक्यात आल्याची भावना शाहूंच्या दरबारी निर्माण झाली.

या पेचातून मार्ग काढण्यासाठी बाळाजी विश्वनाथ यांची निवड झाली आणि त्यासाठी त्यांना नोव्हेंबर १७१३ मध्ये पेशवेपद देण्यात आले. बाळाजी विश्वनाथ मूळचे श्रीवर्धनचे, देशमुखीचे वतन असलेल्या घराण्यातले; सिद्दीच्या जाचामुळे त्यांना कोकण सोडावे लागले होते. कान्होजींचाही मुख्य वैरी सिद्दीच. त्यामुळे १७१४ च्या आरंभी झालेल्या वाटाघाटी म्हणजे एका परागंदा वतनदाराने एका नव्या सत्ताधाऱ्याशी केलेली बोलणी होती, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये. तहान्वये कान्होजींनी ताराबाईंचा पक्ष सोडला, पिंगळे यांना मुक्त केले आणि शाहूंचे स्वामित्व मान्य केले. त्यांना सरखेलपद कायम झाले आणि दहा किल्ले व सोळा लहान ठाणी त्यांखालील गावांसह मिळाली. या दहा किल्ल्यांत खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, जयगड ही समुद्राशी निगडित नावे अपेक्षितच आहेत. त्यांच्या जोडीने एक नाव असे आहे की, ज्याच्या पायथ्याला समुद्राची लाट पोहोचत नाही. ते नाव अवचितगडाचे.

अवचितगड रोह्याच्या उत्तरेस आहे. रोहे व त्याला लागून असलेले वरसे या भागातून कुंडलिका वाहते आणि पश्चिमेस रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते. त्या काळी तिच्या मुखाशी रेवदंडा व कोर्लई ही दोन्ही ठिकाणे पोर्तुगीजांच्या हाती होती आणि दक्षिणेस जंजिऱ्याचा सिद्दी होता. खाडीचे तोंड परक्याचे आणि वरचा मुलूख आपला, अशी ही स्थिती. आरमाराच्या सरदाराला आत डोंगरात असलेला हा किल्ला कशाला हवा, याचे उत्तर नकाशावरून आणि शेतीवरून मिळते. अवचितगड म्हणजे कुंडलिकेचे खोरे, म्हणजे भात, इमारती लाकूड आणि घाटाकडे जाणारी वाट. गुराबा आणि गलबते लाकडाची असतात. त्यांवरचे लोक भात खातात. १७१४ चा तह आरमाराचा म्हणून ओळखला जातो, पण त्याचा पाया असा जमिनीत आहे. वरसे, रोहे, पेण या टापूतील कुळाच्या दृष्टीने पाहावयाचे तर या तहाने त्याच्या खळ्यावरील धान्याचा एक नवा धनी ठरला.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी भारतीय सरंजामशाहीचा विचार करताना वरून लादलेली आणि खालून वाढलेली असे दोन प्रकार कल्पिले आहेत. राजा आपल्या अंकितांकडून खंडणी घेऊन त्यांना त्यांच्या मुलखात राज्य करू देतो, हा पहिला प्रकार. आणि गावातच राज्य व शेतकरी यांच्या मध्ये जमीनधारकांचा एक थर तयार होतो, हा दुसरा. कोकणातील देशमुख, देशपांडे आणि खोत हे दुसऱ्या प्रकारात सहज बसतात. त्यांचा अधिकार वतनाचा, म्हणजे वंशपरंपरेचा. राज्ये बदलली तरी तो टिकतो. सरंजामाचे तसे नाही. सरंजाम सैन्याच्या खर्चासाठी लावून दिलेला, तत्त्वतः राजाच्या मर्जीवर अवलंबून असलेला. कान्होजी यांपैकी कोठे बसतात? ते गावातून वर आलेले नाहीत, कारण कोकणात त्यांचे जुने वतन नव्हते. त्यांना वरून मुलूख मिळाला असेही पूर्णपणे म्हणता येत नाही, कारण १७१४ मध्ये जे मिळाले त्यातील बरेचसे आधीच त्यांच्या ताब्यात होते. माझ्या मते कोसंबींच्या मांडणीला येथे एक पुरवणी जोडावी लागते: राज्याचा अधिकारी संकटकाळात राज्यापासून सुटा होतो आणि पुन्हा जोडला जाताना वाटेकरी म्हणून जोडला जातो. मराठेशाहीतील पुढची बहुतेक मोठी घराणी हाच मार्ग कमीअधिक फरकाने चालली. खुद्द पेशवेपदही १७२० नंतर एका घराण्यात स्थिर झाले. आंगऱ्यांचे उदाहरण यांतील अगदी आरंभीचे आहे, म्हणून ते अभ्यासकाने बारकाईने पाहावयास हवे.

या संदर्भात रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राचा विचार टाळता येत नाही. हा ग्रंथ १७१५-१६ च्या सुमाराचा, म्हणजे कान्होजींच्या तहानंतर लगेचचा. अमात्यांनी वतनदारांना राज्यातील छोटे राजे मानून त्यांच्यापासून सावध राहण्याचा उपदेश केला आहे आणि आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग असल्याचे बजावले आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत ही दोन प्रकरणे वेगवेगळी शिकविली जातात. ती एकत्र वाचली तर ग्रंथातील ताण कळतो. ज्या आरमाराला अमात्य राज्याचे अंग मानत होते, ते त्याच वेळी एका घराण्याचे अंग बनले होते आणि विरोधी गादीला मिळाले होते. अमात्यांचा उपदेश ज्या राज्यव्यवस्थेला उद्देशून आहे ती त्यांच्या डोळ्यांदेखत मागे पडली होती, आणि स्वतः अमात्यांचे घराणेही पुढे बावड्याचे जहागीरदार म्हणूनच नांदले. राजनीतीच्या ग्रंथाचा गद्य म्हणून गौरव करताना त्यामागील ही खंत वाचकाच्या हाती लागली पाहिजे.

कान्होजींच्या उत्पन्नाचा दुसरा आणि अधिक वादग्रस्त भाग म्हणजे दस्तक. किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने सरखेलांचे दस्तक घ्यावे, त्यासाठी ठरलेली रक्कम भरावी. न घेतल्यास जहाज व माल जप्त व्हावा, अशी ही पद्धत. तिचे जनक कान्होजी नव्हेत. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांनी हिंदी महासागरात कार्ताझ या नावाने हेच केले होते, आणि त्यांना कोणी लुटारू म्हटले नाही. घाटात जकातीचे नाके असते तसे समुद्रावरचे हे नाके होते. इंग्रजांचे म्हणणे असे की, त्यांच्या निशाणाखालील जहाजावर हिंदी व्यापाऱ्याचा माल असला तरी त्याला दस्तक लागू नये. कान्होजींना हे मान्य होण्याजोगे नव्हते. मालाचा खरा मालक पाहिला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. ती मान्य केली असती तर मुंबईच्या निशाणाआड सगळा व्यापार सुटून गेला असता. अर्थात दस्तकाचा भार शेवटी लहान व्यापाऱ्यावर आणि नाखव्यावर पडत होता, हेही विसरता येत नाही. सार्वभौमत्वाचा हक्क म्हणून त्याचे समर्थन करताना आपण नकळत सरंजामदाराच्या बाजूला उभे राहतो.

इंग्रजांशी झालेल्या संघर्षाचा तपशील अन्यत्र पुष्कळ आला आहे. येथे ओझरता उल्लेख पुरे. १७१२ च्या अखेरीस मुंबईहून कारवारकडे निघालेल्या जहाजांवर आंगऱ्यांच्या आरमाराने हल्ला केला. कारवारच्या वखारीचा प्रमुख चाऊन त्यात मारला गेला आणि त्याची पत्नी कैद झाली. १७१३ मध्ये तह होऊन ३०,००० रुपये खंडणी घेऊन तिला सोडण्यात आले. हा तह फार काळ टिकला नाही. मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याच्या कारकिर्दीत विजयदुर्ग व खांदेरी यांवर मोहिमा झाल्या. खांदेरीची मोहीम १७१८ ची. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर केलेली चढाईही फसली. या वेळी शाहूंच्या बाजूने बाजीराव पेशवे कुलाब्याच्या मदतीला आले आणि पोर्तुगीजांनी इंग्रजांना वगळून स्वतंत्र तह केला. १७१४ च्या करारातील स्वामी आणि सेवक यांचे परस्परांविषयीचे कर्तव्य येथे प्रत्यक्षात उतरलेले दिसते. सेवकाने स्वामीचे नाव चालवावे, स्वामीने सेवकाचा मुलूख राखावा. १७२४ मध्ये डचांनीही विजयदुर्गावर हल्ला केला; तोही निष्फळ ठरला.

या यशाचे मानकरी कोण होते, हा प्रश्न चरित्रकारांनी फारसा विचारलेला नाही. आंगऱ्यांच्या गलबतांवर कोळी, भंडारी, खारवी, गाबीत होते. काही युरोपीय खलाशी व गोलंदाजही चाकरीस होते. वारा, भरती-ओहोटी आणि खडक यांचे ज्ञान या मंडळींचे. जड युरोपीय जहाजे उथळ पाण्यात येऊ शकत नसत आणि हलकी गलबते खाडीत शिरून दिसेनाशी होत, हा आंगऱ्यांचा प्रसिद्ध डावपेच खरे तर मासेमारीच्या रोजच्या अनुभवातून आलेला आहे. मायनाक भंडारी याच्या काळात या समाजातील माणूस आरमाराच्या शिरोभागी दिसतो. आंगऱ्यांच्या काळात आरमाराचे धनीपण एका मराठा घराण्यात स्थिरावले. आरमार वाढले, पण त्यातील वरची जागा जन्माने ठरू लागली. सरंजामशाहीचा समाजावरील परिणाम पाहावयाचा तर तो असा नावांच्या अनुपस्थितीतून पाहावा लागतो.

खुद्द कान्होजी जन्माने उमराव नव्हते. त्यामुळे प्रतिष्ठेची बाह्य चिन्हे जमविणे त्यांना आवश्यक वाटले असावे. त्यांच्या कारकिर्दीत अलिबाग वसले आणि १७२० मध्ये तेथे हिराकोट बांधला गेला. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींशी त्यांच्या घराण्याचा घनिष्ठ संबंध होता. हे स्वामी शाहू, पेशवे, आंगरे आदी साऱ्यांचे गुरू. त्याचबरोबर सरदारांना मोठाल्या रकमा कर्जाऊ देणारे सावकारही. त्यांचा जो पत्रव्यवहार प्रसिद्ध झाला आहे त्यात आशीर्वाद आणि देणेघेणे एकाच कागदावर नांदतात. अठराव्या शतकातील उमरावशाहीचे घरगुती रूप मराठी गद्यात इतके उघडे क्वचितच सापडते. बखरीतील सरदार सदैव घोड्यावर असतो. पत्रांतील सरदार कर्जात असतो. साहित्याच्या अभ्यासकाने या दुसऱ्या सरदाराकडेही वळावे.

कान्होजी जुलै १७२९ मध्ये वारले. अलिबागेत त्यांची समाधी आहे आणि मुंबईतील भारतीय नौदलाच्या तळाला त्यांचे नाव दिलेले आहे. त्यांना सेखोजी, संभाजी, मानाजी, तुळाजी, येसाजी आणि धोंडजी असे सहा पुत्र होते. सेखोजी सरखेल झाले. परंतु ते १७३३ मध्ये वारले आणि भाऊबंदकी उफाळली. नोकरीतील पद एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते, मिळकत मुलांत वाटली जाते. आंगऱ्यांचे आरमार तोवर मिळकत झालेले असल्यामुळे त्याची वाटणी अटळ होती. १७३५ मध्ये बाजीरावांच्या मध्यस्थीने संभाजींकडे सरखेल हा किताब व दक्षिणेकडील किल्ले, आणि मानाजींकडे वजारतमाब हा किताब व कुलाबा, अशी विभागणी झाली. पेशव्यांना ही विभागणी सोयीची होती, याविषयी इतिहासकारांत फारसे दुमत नाही. संभाजींच्या मागून दक्षिणेकडील भाग तुळाजींकडे आला. त्यांनी पेशव्यांना जुमानले नाही. बाळाजी बाजीरावांनी इंग्रजांशी करार केला. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला. बंदरात उभे असलेले आंगऱ्यांचे आरमार जळाले. तुळाजी मृत्यूपर्यंत पेशव्यांच्या कैदेत राहिले.

कुलाब्याची शाखा पेशव्यांच्या आश्रयाने आणि नंतर इंग्रजांच्या अंकित म्हणून चालली. औरस वारस न उरल्याच्या कारणावरून १८४० मध्ये इंग्रजांनी ती खालसा केली. सरखेल गेले, त्यांचे किल्ले ओस पडले. गावोगावचे खोत मात्र जागचे हलले नाहीत. नव्या सरकारच्या वसुलाची सोय त्यांच्याचकडून होत होती. अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी संप पुकारून जमिनी कसावयाचे नाकारले आणि तो १९३९ पर्यंत चालविला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. मुंबई राज्याचा खोती निर्मूलनाचा कायदा झाला तो १९४९ मध्ये.